फॉरमॅट मारला तरी ‘व्हायरस परत उना’: पेन ड्राइव्हमधल्या शॉर्टकटचा बंदोबस्त

लक्षण ओळखीचं आहे. झेरॉक्सच्या दुकानातून सातबाऱ्याची नाहीतर शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रिंट काढून आणली, घरी पेन ड्राइव्ह लावला, तर आतल्या प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो, फायली दिसतात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. काही दिवसांनी संगणक कुंथायला लागतो, दुकानदार फॉरमॅट मारून देतो, आणि पंधरवड्यात घरातून अहिराणीत हाक येते: व्हायरस परत उना, म्हणजे परत आला!

तो बहुतेक वेळा गेलेलाच नसतो. फॉरमॅट होतो फक्त सी ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात तसाच पडून असतो, डी ड्राइव्हमधल्या ‘सॉफ्टवेअर’ नावाच्या फोल्डरात जुने सेटअप तसेच असतात, आणि नवीन विंडोज टाकताना दुकानदाराने चालवलेला, लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर स्वतःच एक उघडं दार असतो. या तिन्ही जागा एकाच बैठकीत साफ झाल्या नाहीत तर मेहनत पाण्यात.

बाणामागे काय चालतं

पूर्वी पेन ड्राइव्ह नुसता लावला तरी ऑटोरनमुळे आतला प्रोग्रॅम चालायचा. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हसाठी ती सोय बंद झाली, आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने ती एक्सपी-व्हिस्टातही बंद केली. मग व्हायरसवाल्यांनी क्लिक तुमच्याकडूनच करून घ्यायला सुरुवात केली. खऱ्या फोल्डरना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन शिक्के मारायचे म्हणजे ते दिसेनासे होतात, आणि त्याच नावाचा शॉर्टकट त्या जागी ठेवायचा. शॉर्टकट दोन कामं करतो: आधी लपवलेली स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या हुकमांची छोटी फाइल) चालवतो, मग खरा फोल्डर उघडून देतो. संशयाला जागाच उरत नाही.

काही प्रकारांत सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरात सरकवलेला असतो. त्याचं नाव म्हणजे न दिसणारं एक अक्षर. बाहेर फक्त एक शॉर्टकट दिसतो, आणि त्याला पेन ड्राइव्हचंच नाव नाहीतर ‘यूएसबी ड्राइव्ह’ असं नाव असतं. असा शॉर्टकट दिसला तर क्लिक न करता पेन ड्राइव्ह काढून घ्या.

आधी ठरवा, रोग कुठे आहे

अंदाजाने फॉरमॅट मारण्याआधी ही चाचणी करा. दहा मिनिटांचं काम आहे. एक पेन ड्राइव्ह अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने जोडा आणि फोनच्या स्टोरेज सेटिंगमधून फॉरमॅट करा. फोनच का, तर विंडोजच्या स्क्रिप्ट आणि शॉर्टकट अँड्रॉइडवर चालत नाहीत. त्यात दोन-तीन साधे फोल्डर बनवून एकेक फोटो टाका. आता तो घरच्या संगणकाला लावा, काही उघडू नका, पाच मिनिटं थांबा, काढा आणि पुन्हा फोनवर बघा. बाण असलेल्या फायली (शेवटी डॉट एलएनके) किंवा कधी न बनवलेला फोल्डर दिसला तर संगणकच आजारी आहे. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन’ हा फोल्डर मात्र विंडोज स्वतःच बनवतं, तो मोजू नका. बाकी काही बदल नसेल तर रोग बाहेरून, पेन ड्राइव्हवरून येतोय.

विंडोजने लपवलेलं बहुतेक सगळं फोनवर उघडं दिसतं, हा ओटीजीचा आणखी एक फायदा. संशयित पेन ड्राइव्हमधले फोटो आणि पीडीएफ वाचवायचे असतील तर ते फोनमध्येच काढून घेणं सगळ्यात सुरक्षित. अडचण एकच: पेन ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर बऱ्याच फोनना तो वाचता येत नाही. फॅट३२ किंवा एक्सफॅट चालतं.

संगणक आजारी निघाला तर

इंटरनेट बंद करा, सगळे पेन ड्राइव्ह काढा. क्रम पाळा. उलट्या क्रमाने केलेली सफाई फुकट जाते, कारण स्क्रिप्ट जिवंत असेपर्यंत साफ केलेला पेन ड्राइव्ह लावताच ती काही सेकंदांत पुन्हा भरते.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’मध्ये वरच्या पट्टीवर राइट क्लिक, ‘सिलेक्ट कॉलम्स’, आणि ‘कमांड लाइन’वर खूण करा. हा रकाना बहुतेकांना ठाऊकच नसतो, आणि खरा पत्ता तिथेच लिहिलेला असतो. यादीत डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई दिसलं तर ते स्वतः विंडोजचंच आहे, त्याला दोष नाही. ते कोणती फाइल चालवतंय हे शेजारच्या रकान्यात वाचा. पत्ता ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘टेम्प’मधला असेल तर तो कागदावर लिहून घ्या, प्रोसेस ‘एंड टास्क’ करा, मग ती फाइल पुसा.

२. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि तळाशी ‘एक्सक्लूजन्स’. ही यादी कोरी असायला हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर दिसला, तर याचा अर्थ राखणदाराला कुणीतरी सांगून ठेवलंय की इकडे बघू नकोस. ही नोंद काढल्याशिवाय केलेलं स्कॅन कितीही तास चालवा, ‘नो थ्रेट्स’च म्हणेल. ‘टँपर प्रोटेक्शन’ही (राखणदाराची सेटिंग परस्पर बदलू न देणारी सोय) चालू आहे ना, पाहा.

३. आता इंटरनेट थोडा वेळ जोडून डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, व्याख्या (व्हायरस ओळखायच्या खुणा) अपडेट करा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘ऑफलाइन स्कॅन’. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. लोडशेडिंगच्या वेळेला हे काढू नका; डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वीज टिकेल अशी वेळ बघून बसा.

४. त्यानंतर ‘फुल स्कॅन’. इथे एक गोम आहे: डिफेंडरचं फुल स्कॅन मुळात पेन ड्राइव्ह तपासत नाही. डी ड्राइव्ह तपासतं, पण बाहेरून लावलेल्या पेन ड्राइव्हवर वेगळं राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ म्हणावं लागतं. ‘काल रात्रभर स्कॅन केलं, तरी पेन ड्राइव्हमध्ये राहिलाच कसा?’ याचं उत्तर बहुधा हेच.

५. ‘टास्क शेड्युलर’ आणि टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ पाहा. दर काही मिनिटांनी चालणारं, निरर्थक अक्षरांच्या नावाचं, अ‍ॅपडेटातली फाइल उठवणारं काम दिसलं तर आधी ‘डिसेबल’, खात्री पटल्यावर ‘डिलीट’. एकेक जागा शोधण्याचा कंटाळा असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ‘ऑटोरन्स’ फुकट मिळतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय चालू केली की उरलेली यादी आटोपशीर होते.

सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही बॉट (दुरून हुकूम घेणारे व्हायरस) काढणारी मोफत साधनं आहेत. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था चालवत असलेलं हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. दुसरं मत म्हणून तिथलं एखादं साधन चालवून पाहायला हरकत नाही. मात्र कायमचे दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवू नका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि संगणक आणखी मंद होतो.

मे महिन्यातला खोटा व्हायरस

भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की घराघरांतले सीपीयू घरघरतात, आणि दोष व्हायरसवर जातो. काही व्हायरस खरोखरच तुमच्या संगणकावर क्रिप्टो चलन खोदतात, म्हणून फरक ओळखायला हवा. सगळं बंद करून संगणक दहा मिनिटं नुसता सोडा. पंखा जोरात असेल तर टास्क मॅनेजर उघडून तसाच ठेवा. उघडताना क्षणभर आकडा वर जातो, तो सोडून द्या. नंतर वापर पाच टक्क्यांच्या आसपास आणि पंखा तरीही जोरातच, तर धूळ साचलीय नाहीतर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलीय. ब्रश आणि ब्लोअर आणा. पण टास्क मॅनेजर उघडा असेपर्यंत पंखा शांत आणि बंद करून दोन मिनिटांत पुन्हा घोंघावायला लागला, असं तीनदा झालं, तर मात्र संशय घ्या. असे खोदकामी प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसताच गप्प बसतात.

फुकटचं विंडोज

सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ उघडून वाक्य नीट वाचा. घरच्या संगणकावर ‘युवर ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असे शब्द असतील तर ही कुठली ऑर्गनायझेशन, हा प्रश्न विचारायला हवा. ही केएमएस नावाची सोय मोठ्या कचेऱ्या आणि कॉलेजांसाठी आहे. तिची मुदत १८० दिवसांची असते आणि ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागते. चोरटा अ‍ॅक्टिव्हेटर ही मुदतवाढ आपोआप करण्यासाठी टास्क शेड्युलरमध्ये ठाण मांडतो, पूर्ण अधिकारानिशी चालतो आणि बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो. वरच्या एक्सक्लूजन्सच्या यादीत नोंद कुणी टाकली, याचं उत्तर इथे मिळतं. ‘डिजिटल लायसन्स’ असं दिसलं म्हणजे सगळं सोवळंच, असंही समजू नका. तेही बनवणारी साधनं आहेत.

वाईट याचं वाटतं की बऱ्याच लॅपटॉपवाल्यांना याची गरजच नसते. विंडोज ८ च्या काळापासून, विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपची लायसन्सची किल्ली मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावर कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) साठवलेली असते. बहुधा ‘होम’ किंवा ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्तीची. दुकानदार सरसकट ‘प्रो’ टाकतो, ती किल्ली जुळत नाही, म्हणून अ‍ॅक्टिव्हेटर मारतो. पैसे भरून घेतलेलं लायसन्स राहतं बाजूला आणि घरात येतं चोरीचं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घेऊन किमान आठ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर विंडोज बनवा, पेन ड्राइव्ह दुसऱ्या निरोगी संगणकावर तयार करा, आणि मूळ आवृत्तीच टाका. इंटरनेट जोडताच ती आपसूक अ‍ॅक्टिव्हेट होते, किल्ली टाइप करावी लागत नाही.

तेवढं करायचं नसेल तर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा. सुमारे चार जीबी डेटा जातो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर आधी शिल्लक बघा. ‘लोकल रीइन्स्टॉल’ जुन्याच फायलींवरून होतं, म्हणून इथे क्लाउड बरं.

डी ड्राइव्हचं काय करायचं? फोटो, पीडीएफ, गाणी राहू द्या. सेटअपच्या फायली, ‘क्रॅक’, ‘कीजेन’ नावाचे फोल्डर, पासवर्ड लावलेल्या झिप, सगळ्यावर पाणी सोडा. मराठी टायपिंगसाठी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर जपून ठेवणारे बरेच आहेत. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड विंडोजमध्येच आहे: ‘लँग्वेज’मध्ये मराठी जोडायची, कीबोर्डच्या यादीतून फोनेटिक निवडायचा. पत्र, तक्ते, हिशेब यांसाठी लिबरऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे. पीडीएफ बनवायला तर काहीच लागत नाही, ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ प्रिंटरच्या यादीत आधीपासून असतो.

लपलेल्या फायली परत मिळवणं

संगणक निरोगी झाल्यावरच हे करा. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘हिडन’ची खूण काढायला गेलात तर ती करडी दिसते, हलत नाही, कारण सोबत सिस्टिमचा शिक्काही आहे. म्हणून कमांड प्रॉम्प्ट लागतो. फोनवर सांगावी तशी कमांड अशी: अ‍ॅट्रिब; जागा; उणे चिन्हाला चिकटून एच; जागा; उणे आर; जागा; उणे एस; जागा; सरळ स्लॅशला चिकटून एस; जागा; सरळ स्लॅश डी; जागा; मग पेन ड्राइव्हचं अक्षर, अपूर्णविराम, उलटी स्लॅश, आणि तारा-टिंब-तारा. सगळी अक्षरं अर्थातच इंग्रजी. एंटर मारण्याआधी ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा. चुकून सी लिहिलं तर विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फायली उघड्या पडतात.

फोल्डर दिसायला लागले की फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’ चालू करा. ही खूण कायमची चालूच ठेवा. तिच्याशिवाय ‘यादी डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘यादी डॉट पीडीएफ’ दिसते. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आलेली पीक विमा नाहीतर अनुदानाची ‘यादी’ अशीच उघडली जाते. मग डॉट एलएनके, डॉट व्हीबीएस, डॉट बॅट, डॉट जेएस पुसा, कामाच्या फायली संगणकावर घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. नुसतं पुसण्यावर भागवू नका.

स्क्रिप्टचं दार बंद

घरगुती वापरात व्हीबीस्क्रिप्टची (डॉट व्हीबीएस फायली जिच्यात लिहितात ती भाषा) गरज जवळजवळ पडत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये ती निवृत्तीच्या यादीत टाकली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘व्हीबीस्क्रिप्ट’ शोधून अनइन्स्टॉल करता येतं. जुन्या विंडोजवर निदान डॉट व्हीबीएस आणि डॉट जेएस फायली ‘ओपन विथ’मधून कायमच्या नोटपॅडला जोडा: चुकून क्लिक झालं तर प्रोग्रॅम चालण्याऐवजी मजकूर दिसेल. हे अर्धंच कुलूप आहे, कारण शॉर्टकट थेट डब्ल्यूस्क्रिप्टलाही हाक मारू शकतो. पूर्ण कुलपासाठी रजिस्ट्रीत (विंडोजची सगळी सेटिंग जिथे साठवलेली असतात तिथे) ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’च्या ‘सेटिंग्ज’खाली ‘एनेबल्ड’ नावाची डीवर्ड नोंद शून्य करतात. बिलिंग किंवा हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आधी त्याच्या माणसाला विचारा. काही जुनी सॉफ्टवेअर स्क्रिप्टवर चालतात.

रोजचा वापर ‘स्टँडर्ड’ खात्यातून करा, अ‍ॅडमिनचं खातं वेगळं आणि पासवर्ड घरातल्या एकाच माणसाकडे. मुलं गेमच्या नादात काहीही उतरवतात. तेव्हा निदान पासवर्ड मागणारी खिडकी आडवी येते.

स्क्रिप्ट नाही, तरी त्रास

उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस’ असे फुगे येत असतील तर ती बहुधा ब्राउझरची नोटिफिकेशन असतात. सिनेमा किंवा क्रिकेटच्या एखाद्या साइटवर कधीतरी ‘अलाउ’ दाबलेलं असतं. क्रोममध्ये ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’, आणि अनोळखी नावं काढून टाका. संपलं. फॉरमॅटनंतरही तेच एक्सटेन्शन परत येत असेल तर ते गुगल खात्याच्या सिंकमधून उतरतंय. एक्सटेन्शन काढा, खात्यातला सिंकचा साठा पुसा, मग सिंक पुन्हा चालू करा.

पडदाभर लाल इशारा आणि खाली फोन नंबर दिसला तर तो नंबर लावायचा नाही. क्रोममध्ये एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर आधी वायफाय तोडा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, मग बँक. ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि तक्रार जितकी लवकर जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता जास्त.

अलीकडचा सगळ्यात फसवा प्रकार ‘मी रोबो नाही’चा. पान सांगतं: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. खरा कॅप्चा कधीही कीबोर्डवरून संगणकाला हुकूम द्यायला लावत नाही. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली कमांड तुम्हीच तुमच्या हाताने चालवता. त्यातून लुम्मासारखे चोरटे प्रोग्रॅम येतात आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या खुणा) उचलून नेतात. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुम्माची यंत्रणा मोडताना सांगितलं की त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० विंडोज संगणक बाधित झाले होते. इथे फॉरमॅटने अर्धंच काम होतं. फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला, आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. कुकी चोरीला गेली असेल तर नुसत्या नव्या पासवर्डने चोर बाहेर निघेलच असं नाही.

विंडोज १० अजून चालू असेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीची अपडेट, संपला. घरगुती संगणकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी ‘विंडोज अपडेट’च्या पानावरून करायची असते, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहे, आणि त्यासाठी २२एच२ आवृत्ती व मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. अपडेट टाळल्याची किंमत फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने दाखवली: मे २०१७ मध्ये तो पसरला, तेव्हा त्याने वापरलेलं भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं.

दुकानात जाताना

खान्देशात पेन ड्राइव्ह फिरतोच: लग्नाचे फोटो, ट्रॅक्टरवर वाजवायची अहिराणी गाणी, सेतू केंद्रातले अर्ज. म्हणून दोन वेगळे ठेवा. गाण्यांचा ट्रॅक्टरपाशीच राहू द्या, तो संगणकाला लावूच नका. प्रिंटसाठीच्या छोट्या पेन ड्राइव्हवर फक्त त्या दिवशीची पीडीएफ असावी, आणि दुकानातून आल्यावर तो फोनवर ओटीजीने फॉरमॅट करूनच खणात जावा. एसडी कार्डाच्या अ‍ॅडॉप्टरला बाजूला कुलपाची बारीक कळ असते. ती खाली सरकवून कार्ड रीडरमधून दिलं तर बहुतेक रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत, म्हणजे दुकानातला व्हायरस कार्डावर चढत नाही. दुकानदाराला पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं सोपं खरं, पण आधार किंवा पासबुकाची प्रत असेल तर प्रिंट झाल्यावर ती त्याच्या संगणकातल्या ‘डाउनलोड्स’मधून आपल्यासमोर पुसून घ्या, आणि रिसायकल बिनही रिकामा करायला सांगा.